तुंबा

रोसारिओत, पाराना नदीच्या काठी,
साबणाच्या बंद कारखान्यात आम्ही आठ जण बसतो.
सहकारी संस्था. मालक कुणी नाही,
म्हणजे मालक आठ, आणि गॅसचं सिलिंडर एक.

झुलेमा बेर्तोत्तीनं 'रोमाना' लिहिला
तेव्हा तिला फक्त बापाचं भांडण मिटवायचं होतं:
काटा काय म्हणाला, पावती काय म्हणाली,
मधला दीड टन गहू कुठे गेला.
म्हणून तिनं सगळा कोड उघडा ठेवला.
ज्याला शंका त्यानं आत डोकवावं,
न्यावा, बदलावा, वाटावा.
आमच्या बोलीत त्याला दोन वेगळे शब्द आहेत,
एक मोकळ्यासाठी, एक फुकटसाठी.
लोक जाताना दुसराच पिशवीत टाकतात.

सहा वर्षांत चाळीस काट्यांवर रोमाना बसला.
पैसे एकदाच आले, राफाएलाच्या एका गिरणीकडून.
आभाराची पत्रं सातशे बारा.
झुलेमानं मोजली होती,
भाडं थकलं होतं त्या रात्री.

इकडे येर्बाचा तुंबा फिरतो. एकच तुंबा, एकच नळी.
एक जण गरम पाणी ओततो,
बाकीचे पाळीपाळीनं पितात, परत देतात.
परत देताना "आभारी आहे" म्हटलंत
तर त्याचा अर्थ: बास, मला नको.
पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात.

मग एप्रिल. सोयाबीनचा हंगाम.
बंदरानं नवे काटे बसवले
आणि प्रत्येक ट्रकचं वजन आलं
शून्य.
नऊ किलोमीटर रांग. ड्रायव्हर रस्त्याकडेला मांस भाजत बसले.
बंदराचा माणूस, फेरेइरो, फोनवर ओरडला,
"तुमचा प्रोग्राम बिघडलाय!"
झुलेमा म्हणाली, "तो तुमचाही आहे. परवाना वाचा."
त्यांच्या पोरांनी तीन दिवस कोड वाचला
आणि दुरुस्त केला. खरंच केला.
अकरा ओळी. आम्हालाही पाठवल्या.
बऱ्या होत्या. आठवी जरा आडमुठी.

मला वाटलं, संपलं. आता आपल्याला कोण विचारतो.
पण फेरेइरो स्वतः आला, बिस्किटांचा पुडा घेऊन,
खुर्चीच्या टोकावर टेकला.
"तीन दिवसांत जे बुडालं त्यात तुमचं वर्ष निघालं असतं.
विकून टाका मला प्रोग्राम."
"आहेच की तुमच्याकडे."
"मग विकता तरी काय?"
ती थोडा वेळ नुसती पाणी ओतत राहिली.
"रविवारी फोन उचलणं.
नवा काटा तुमच्या फाटकावर यायच्या आधी
इथे, या टेबलावर येणं.
तुमच्या पोरांना शिकवणं, आठव्या ओळीसकट.
आणि जे नवं लिहू ते सगळ्यांना मिळेल,
पलीकडच्या बंदरालासुद्धा."

इथे तो अडला.
"त्यांच्यासाठी पैसे मी का मोजू?"
"दाण्यातल्या ओलीची वजावट रोज वापरता ना?
ती राफाएलाच्या गिरणीनं पैसे देऊन लिहून घेतली.
बावीस कामगारांची गिरणी. त्यांनी विचारलं नाही
फेरेइरोसाठी का म्हणून."

(पोसादासची दोन पोरं रोमाना शिकवून पोट भरतात,
आम्हाला दमडी देत नाहीत.
मी चिडलो तेव्हा झुलेमानं मलाही परवानाच वाचायला लावला.
गेल्या महिन्यात त्यांच्याकडून ग्वारानी भाषांतर आलं,
न मागता. माझा राग अजून पुरता गेलेला नाही.)

कागद झाला. आकडा पेसोत घातला नाही,
पेसो दुपारचा संध्याकाळी ओळखू येत नाही.
वर्षाला सोयाबीनचे इतके टन,
ज्या त्या महिन्याच्या भावानं.
टन कोण मोजणार, यावर कुणी बोललं नाही;
सगळ्यांनी काट्याकडे पाहिलं असतं,
काटा तिथे असता तर.

फेरेइरोनं नळी ओठात धरली,
तळाशी खुळखुळ होईपर्यंत ओढली,
तुंबा पुढे केला.
काही म्हणाला नाही.
झुलेमानं किटली उचलली.