दोन तारा

दुसरा सूर म्हणजे शेजारणीचं "होऽ का?"
तिसरा, दुकानदाराचं "बरंऽऽ", तळाला जाऊन वर येणारं.
चौथा, "नाही." संपलं.
पहिला मात्र पुण्यात मिळत नाही, परचुरे बाई म्हणतात:
उंच, सपाट, टोमणा नसलेला.

चाकणला पंपांचे कॅटलॉग वाचता यावेत
एवढ्यासाठी मी हे शिकते. बेचाळिसाव्या वर्षी,
शनिवारी, गुडघे बाकाला लावून.

मे महिन्यात मुलीच्या पेटीचा भाता फाटला.
बुधवार पेठेत दस्तगीर सतारमेकरांकडे नेला
आणि सहज वर पाहिलं.
तंबोऱ्यांच्या भोपळ्यांआड टांगलेलं,
लांब मानेचं, चहाच्या डब्याएवढ्या पोटाचं,
पोटावर अजगराचं कातडं.
तारा दोन, आणि गज त्या दोघींच्या मध्येच,
बाहेर काढायची सोय नाही,
जावांच्या बोलण्यात सापडलेल्या सासऱ्यासारखा.

पाठ अकरामधलं चित्र! मी ओरडलेच,
"एर-हू!"
एर म्हणजे दोन. हू म्हणजे परके, उत्तरेकडचे.
त्यांच्याकडेही ते बाहेरूनच आलेलं.

"कॅम्पातल्या चिनी डॉक्टरचं," चाचा म्हणाले, "दातांच्या.
अब्बांकडे खुंटी बदलायला टाकलं, राहूनच गेलं.
नाव आहे बघा त्याचं."
सुतळीला पुठ्ठा. तपकिरी झालेली पाच अक्षरं.

पुस्तकाबाहेर वाचलेली माझी पहिली ओळ.
आधी तारा.
तारेचं अनेकवचन नव्हे, आकाशातला.
मग मुदत. मग चार.
सोमवार एक, मंगळवार दोन, बोटांवर मोजत
गुरुवारवर थांबले.
पुढे 'येणे'. शेवटचं अडलं, फोनवर काढलं:
'घेऊन जाणे'.

"चाचा, हे नाव नाही.
गुरुवारी येऊन नेतो, असं लिहिलंय."

चाचांनी चष्मा काढला. पुसला नाही,
नुसता धरून राहिले.
"गुरुवारी तर दुकान बंद असतं.
अब्बांच्या वेळेपासून."

बाहेर कोणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून भांडत होतं.
चाचांनी स्टूल ओढलं, ते वाद्य उतरवलं,
मांडीवर उभं केलं, सारंगीची राळ घासली.
आधी नुसती खरखर. गंजलेलं काहीतरी सुटत गेलं.
मग एकच स्वर,
उंच, सपाट,
टोमणा नसलेला.

त्यांनी गज थांबवला. काढायला गेले,
निघत नाही हे आठवून तसाच ठेवला.
पावती फाडली: भाता, तीनशे.

"बुधवारी या," म्हणाले,
मी पायरी उतरल्यावर पुन्हा, मोठ्यानं,
"बुधवारीच."