टाकलेली

वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयासमोर
झेरॉक्सच्या दुकानात माझं अर्धं टेबल.
इंग्रजी अर्जाचं मराठी, पानाला ऐंशी रुपये.
हेमलता वैती, राहणार माहूल,
स्टुलावर बसलीय, पिशवी मांडीत घट्ट.

वकिलानं लिहिलंय : डेझर्टेड.
मी तिथे अडतो.
कोशात ‘अभित्याग’ आहे,
कडक इस्त्रीचा, कुणाच्याच अंगाला न लागलेला.
‘परित्यक्ता’ आहे,
ती सरकारी फॉर्मवर, ‘विधवा’च्या पुढच्या चौकोनात,
खूण करण्यापुरती.

“अर्थ काय ओ याचा?”
सोडून जाणं, मी सांगतो.
आणि तोच शब्द, जोर पहिल्या अक्षरावर दिला
की वाळवंट.
ती विचार करते.
“आमच्याकडे खाडी आहे.
ओहोटीला होडी रुतली
का माणूस उतरून चिखलातनं चालत येतो.
होडी ऱ्हाते.”
मग जरा थांबून,
“टाकलेली म्हणतात आमच्यात. तेच लिवा ना.”

चहा टाकतात. गादी टाकतात.
जाळं टाकतात, ते तर परत ओढायलाच.
पोराच्या नोकरीसाठी शब्द टाकतात कुणाकडे.
गेल्या रविवारी माझ्या बायकोनं लोणचं टाकलं
आणि बरणीला फडकं बांधताना किती जपून बांधलं.
त्याच क्रियापदाचं हे धाटुक रूप
मी कागदावर ठेवू बघतो, हात होत नाही.

इंग्रजीत निदान पळणारा सापडतो.
पलटण सोडून गेलेल्या शिपायालाही हाच शब्द,
त्याला पकडतात, विचारतात, शिक्षा देतात.
आमच्या शब्दात फक्त ती.
टाकणाऱ्याला मराठीत
नाव नाही.

मी लिहितो :
‘सामनेवाले दिनांक नऊ मार्च रोजी
घर सोडून निघून गेले.
अर्जदार त्याच घरात राहते.’
वाचून दाखवतो.
“राहते,” ती म्हणते, “हां.
लाइटबिल पण मीच भरते, ते टाका.”
टाकतो.

दहाच्या आठ नोटा मोजून देते.
उठताना विचारते, जज्जसाहेबांनी विचारलं तर
तो शब्द कसा म्हणायचा.
मी म्हणून दाखवतो. दोनदा.
रस्ता ओलांडून फाटकापर्यंत
ती ओठांत घोकत जाते.
जोर चुकीच्या अक्षरावर पडतोय,
इथून कळतं मला.
हाक मारावी म्हणून उठतो,
तर भाडेकरार घेऊन कुणीतरी
तिच्या स्टुलावर बसलेलं.