काना

सोळा डिसेंबरच्या दोन दिवस आधी
महापालिकेतून फोन येतो : गुलाबराव, या.
एक्केचाळीस नावं, सफेद ऑइल पेंट, दोन नंबरचा ब्रश.
बिल मार्चनंतर.

बाकीचं शहर फ्लेक्सवाल्यांनी नेलं.
गांधीबागेत माझ्या दुकानावरची पाटीसुद्धा फ्लेक्सची,
पोरानं लावली, मला न विचारता.
कोरलेल्या अक्षरात मात्र मशीन शिरत नाही,
म्हणून वर्षातला एक दिवस मी अजून पेंटर आहे.

अधिवेशनाचे दिवस. रस्त्याला बांबू बांधलेले,
मोर्चेकरी फुटपाथवर भाकरी सोडून बसलेले,
कोपऱ्यावर संत्र्यांचे ढीग,
सालींचा वास टर्पेंटाइनमध्ये उतरतो.
मी पोतं अंथरून बसतो, पासष्टपासून सुरू करतो.
लान्स नाईक सुखदेव बोपचे.
शिपाई अब्दुल रऊफ.
शिपाई फागो मडावी : ड-च्या पोटात रंग साचतो,
कापसानं टिपावा लागतो.
एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत.
कुणाची वेलांटी खोल आहे,
कुणाचा अनुस्वार उडाला आहे.

एकाहत्तरच्या ओळीत चौथं नाव
शिपाई चौतराम निखारे.
चैतराम होता तो. चैत्रातला.
कुणी तरी यादी उतरवताना एक काना जास्त दिला
आणि पाथरवटानं इमानानं कोरला.

दगड बसला त्या वर्षी संध्याकाळी
त्याची बहीण आली, सायत्राबाई, गोळीबार चौकातून,
पातळावर मागाचा कापूस तसाच.
सोबत शाळेतला पोरगा, त्यानं वाचून दाखवलं.
ती म्हणाली, हा कोन चौतराम?
अर्ज केले. तीन का चार. पोच मिळाली.
मग पुढच्या वर्षी मलाच म्हणाली,
भाऊ, त्या दांडीत रंग नोको भरू.

तेव्हापासून नाही भरला.
दोन मात्रा जरा उजवीकडे कललेल्या दिसतात,
पण रस्त्यावरून कुणी वाचलं तर
चैतराम.
साहेब लोकांच्या लक्षात आलं नाही.
एकदा एका स्काउटच्या पोरानं सांगितलं,
काका, एक सुटलं.
मी म्हटलं, हो रे, सुटलं.

यंदा अचानक दुरुस्ती मंजूर झाली.
माणूस आला कटर घेऊन, धूळ उडू नये म्हणून बाटलीत पाणी.
सायत्राबाईला भाच्यानं ऑटोतून आणलं.
काचबिंदूनं तिचे डोळे गेलेत, दोन वर्षं झाली.
तिनं दगडावर हात ठेवला, वरून खाली आणत गेली,
बोपचे, रऊफ, मडावी,
सगळ्यांवरून बोट सरळ घसरत गेलं,
माझ्याच रंगाचे थर, इतक्या वर्षांचे,
अक्षरं बुजत आली आहेत, हे मलाही तेव्हाच कळलं.
मग बोट एका जागी आत गेलं
आणि थांबलं.

हा पाहा, म्हणाली. हा सापडते मले.
बाकीचे नाई समजत.
कटरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.
राहू दे बाप्पा, ती म्हणाली,
आता कुठी याले पुन्हा खोदता.

त्यानं कागदावर लिहून घेतलं : काम करून दिले.
सही माझी.

सोळाला साहेब उशिरा आले, मोर्च्यात गाडी अडकली होती.
बिगुल वाजला. एनसीसीची एक मुलगी उन्हात डोलू लागली,
तिला खुर्ची दिली.
माइकवरून नावं वाचली, यादी दगडावरूनच टाइप केलेली, जुनी,
शिपाई चौतराम निखारे.
सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मी मागे उभा होतो, झेंडूच्या टोपल्यांपाशी.
सायत्राबाई आली नव्हती. ती सोळाला येतच नाही,
आदल्या दिवशी येते,
बोट आत घालून म्हणते,
लय थंड हाय गा हा.
आणि ऑटोवाला हॉर्न देईपर्यंत
काढत नाही.