उघडलं, वापरलं नाही

रास्ता पेठेतलं आमचं हॉस्पिटल. थिएटर दोनच्या दाराशी
धिवार सिस्टरांनी घरचा काटा आणून ठेवलाय,
दिवाळीत रवा जोखायचा.
त्यावर आता न वापरलेले हातमोजे, गॉज,
फोडून तशीच राहिलेली टाक्यांची पाकिटं.
मी लिहितो : मंगळवार, चारशे दहा ग्रॅम.
"कचऱ्याचा कसला हिशोब, भाऊ?" झाडणाऱ्या मावशी हसतात.

तीन महिन्यांनी तक्ता बोलला :
दर हर्नियाला आठ फोडतो, लागतात पाच.
गद्रे सर चष्मा पुसत राहिले.
"सहावं राहू द्या. एकदा नव्हतं हाताशी."
कधी, ते कुणी विचारलं नाही.

आता ट्रेवर पाच.
सहावं बंद, खिडकीजवळच्या डब्यात.
महिन्याला अकरा हजार वाचतात, ते अकाउंट्सला कळवलं.
डब्याचं नाही कळवलं.
निघताना झाकण उघडून बघतो.
आहे.