ओल्या अंगाची चाचणी

“दंडावरच का?” हेल्काने विचारलं.
पाठीवर हवेचं नळकांडं, कमरेला कुऱ्हाड,
छातीवर पट्ट्यांची गर्दी, मी म्हटलं;
आग विझवणाऱ्या माणसाच्या अंगावर
माझ्या अँटेनाला तेवढीच जागा उरते.
पाच सेंटिमीटरचा चौकोन,
चांदीचा मुलामा दिलेल्या दोऱ्याने भरायचा.
खाली नमदा, त्याखाली जाळीचं अस्तर,
कारण माणूस म्हणजे उभं पाणी,
जवळ आलेली लहर पिऊन टाकतो.

ताम्पेरेतल्या गिरण्यांच्या विटा अजून लाल आहेत.
आत आता कॉफी मिळते.
हेल्का तिथे अठरा वर्षं होती, मग घरी पडदे शिवायची,
मग मी चिठ्ठी लावली: हातात सुई असलेलं माणूस हवं.
मशीनने माझा दोरा सतरा वेळा तोडला होता.

पहिला नमुना तिने फार सुंदर भरला.
आडवे टाके, दाट, एकाला एक चिकटून.
काळ्या फोमच्या सुळक्यांच्या खोलीत,
जिथे आपला खोकलासुद्धा आपल्याकडे परत येत नाही,
तो जवळजवळ मुका निघाला.
मी आलेख दाखवला. तिने चष्मा कपाळावर सरकवला.
“तुझी वीज कुठून कुठे जाते?”
वरून खाली.
“आणि मी तिच्या वाटेत उंबरे बांधत बसले.
आधी सांगायचं ना.”
रात्रीतून सगळं उसवलं.
नवे टाके उभे. वीज नाकासमोर चालली.

मग घाम.
नमद्यात ओल शिरली की सूर उतरतो.
दमट हवेची पेटी महिनाभर दुसऱ्या विभागाकडे.
हेल्का म्हणाली, “सौना आहे की.”

म्हणून शनिवारी, तळ्याकाठी,
यालमारी, केंद्रातला सगळ्यात थोराड जवान,
लाकडी बाकावर उघडा बसला,
एका दंडावर तेवढी कापलेली बाही.
मी दाराबाहेर, उणे अकरात, मांडीवर लॅपटॉप,
बोटं माझी असल्याची खात्री नाही.
आत तापल्या दगडांवर पाणी फेकल्याचा फुत्कार.
सूर घसरला,
अजून घसरला,
पट्ट्याच्या अगदी कडेला येऊन
थांबला.
यालमारीने वाकून पायाचं बोट खाजवलं.
दंडाबरोबर आलेखही वळला,
पण तुटला नाही.

हेल्का शेजारी लोकरीत हात खुपसून बसलेली.
“हा बोलतो काय पण?”
दर दोन सेकंदांनी तेच: नाव, नाडी, मी इथे आहे.
“आणि उत्तर?”
ते अजून शिवलेलं नाही, मी म्हटलं.

यालमारी बाहेर आला, वाफाळत, बर्फात पाय रोवून.
तिने बाही काढून घेतली,
आधी उलटी केली,
शिवणारे करतात तशी,
आणि मागच्या एका गाठीवर नख टेकवून म्हणाली,
“ही सुटणार. द्या सुई.”