बाटलीभर तळं

डॉक्टर हेल्वे आधी घड्याळ काढते, मग कानातले.
मग टेबलावरच्या बाईला नावाने हाक मारते,
दवाखान्यात नंबर आला की पुकारतात तशी:
फेवरोन्या. वय एकसष्ट. गाव कोल्क्या.
पेइपुस तळ्याकाठी कांदे पिकवणारी.

मी वजन सांगतो, ती लिहून घेते.
एकवीस वर्षं झाली मला तार्तूच्या या तळघरात,
कवट्या उघडतो, पोटं शिवतो,
टाका बारीक घालतो, आईने पोती शिवायला शिकवलं तसा.
फॉर्मलिन कितीही असो, कांदा मला ओळखू येतो.
तो तिच्या नखात होता. तपकिरी पापुद्रा,
नऊ दिवस बर्फाखाली राहून
सुटला नव्हता.

घरचे म्हणत होते, मासे आणायला गेली, बर्फ फुटला.
तार्मो, पोलिसातला नवा पोरगा, दाराशी,
बुटांवर निळ्या पिशव्या, नाकाखाली पुदिन्याचं मलम.
त्याला एकच शब्द हवा होता.
"खून म्हणा ना, डॉक्टर."
"तो शब्द माझ्या कपाटात नाही. तो कोर्टाचा.
माझ्याकडे फक्त 'कसं' आहे.
'कुणी' तू शोध."

मांडीच्या हाडातून चिमूटभर मगज काढला.
तळ्यात डायटम असतात, काचेच्या कवचातले जीव.
बुडणारा श्वास घेतो, ते रक्तात शिरतात
आणि चालतं हृदय त्यांना हाडापर्यंत पोचवून येतं.
बंद पडलेलं कशाला पोचवेल?
भिंगाखाली एकही नव्हता.
पोरगा टाळी वाजवणार होता, हातमोजे आड आले.
"थांब," ती म्हणाली, "फेब्रुवारी आहे.
बर्फाखाली उजेड नाही, तळंच उपाशी असतं.
त्याच भोकातलं पाणी आण. शेजारच्या नको."

पंचेचाळीस किलोमीटर गेला, गोठलेलं भोक पुन्हा फोडलं,
संध्याकाळी कोटाच्या आत धरून आणली बाटली,
जणू तान्हं मूल.
लिटरभरात दोन. फक्त दोन डायटम.
पाण्याने मिठाची गुळणी धरली होती.
तिने लिहिलं: यावरून काही सांगता येत नाही.
इतकं स्वच्छ वाक्य लिहिताना
मी तिला पेन आपटताना पाहिलंय.

राहिला गळा.
तो ती शेवटी उघडते, डोकं आणि छाती रिकामी झाल्यावर,
म्हणजे सांडलेलं रक्त साक्षीदार असल्याचं सोंग करत नाही.
जिभेच्या मुळाशी एक हाड असतं, घोड्याच्या नालेएवढंही नाही,
कुठल्याच हाडाला न जोडलेलं.
डावं टोक मोडलेलं.
कोळ्यांनी दोराने ओढलं तेव्हा मोडलं असेल?
असेल. पण भोवतीच्या मांसात रक्त साकळलं होतं,
जांभळं, बोराएवढं,
आणि मेलेल्याला काळंनिळं पडत नाही.

कोर्टात वकिलाने विचारलं, "शक्य आहे की...?"
ती म्हणाली, "शक्य आहे."
पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.
चौथ्यांदा म्हणाली, "शक्य आहे. मला तसं वाटत नाही."
घरातले तिघे बाकावर, तिघांचीही मान खाली.
निकाल काय लागला ते मी पेपरात वाचलं.
तिने वाचला की नाही, विचारलं नाही.

पण त्याआधीची गोष्ट, मार्चमधली.
मुलगी आली होती कपडे न्यायला, उस्तिन्या,
डोक्याला रुमाल, हातात कांद्याची वेणी,
कुणाला द्यायची ते न कळून घट्ट धरलेली.
कुणी केलं, विचारलं नाही. दुखलं का, तेही नाही.
म्हणाली, "तिला थंडी फार बाधायची.
पाण्यात... थंडी वाजली असेल का?"

मगज गप्प, बाटली गप्प.
फुप्फुसांचं पान मीच टाइप केलेलं, त्यात दोनदा 'अनिश्चित'.
डॉक्टरने घड्याळ चढवलं, पट्टा एक भोक चुकला.
"नाही," ती म्हणाली. "थंडी नाही वाजली."

अहवालात हे वाक्य नाही.
वेणी अजून कपडे बदलायच्या खोलीत खुंटीला आहे,
खालचे दोन कांदे उगवलेत.