हरकतींचा रकाना

पलूसच्या अलीकडे, पाट जिथं वळतो
आणि पूल इतका अरुंद
की उसाचा ट्रॅक्टर आरसे मिटून घेतो,
तिथल्या शाळेच्या पडवीत मी बसले आहे,
मांडीवर तक्ता. चार रकाने:
अनुक्रमांक, नाव, हरकत, अभिप्राय.
भिंतीवर नकाशा. निळी रेघ पाणी,
हिरवी रेघ म्हणजे चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी
प्रस्तावित मार्ग.
लांबी सहा किलोमीटर, रुंदी तीन मीटर.

तायाप्पा मदन्यांनी नकाशाकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.
"मेंढरं कुठनं न्यायची?
सायकलला घंटी असती,
मेंढराला काय म्हाईत घंटी कशापायी वाजती."
मी लिहिलं: पशुधनाच्या वहिवाटीबाबत.
"एवढंच?"
म्हटलं, रकाना लहान आहे.

दहावीतल्या रुक्सार मुलाणीनं हात वर केला
आणि तिची पाळी येईपर्यंत खाली घेतला नाही.
मोठ्या रस्त्यानं जाते ती, ट्रॉल्यांना खेटून,
एकदा बाहेर आलेला ऊस दप्तरात अडकला होता.
जूनच्या आत करा, म्हणाली. आणि दिवे लावा.
मागून सुलाबाई गोंदील:
"दिवं नगं.
पहाटं आमी धुणं घिऊन बसतो, लुगडं गुडघ्यावर.
त्येवर उजेड कशाला?"
दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.
शेजारीच राहतात, एका भिंतीच्या.

कारखान्यातून निवृत्त झालेले यशवंत सावळे यांना
फक्त बाकड्यांबद्दल विचारायचं होतं:
देणगीदाराचं नाव किती अक्षरांत बसवणार?
वडिलांचं नाव लांब आहे.

मग जुने पाटकरी उठले, श्रीरंग हजारे,
खिशात अजून कुठल्यातरी दाराची किल्ली.
"तीन मीटर म्हणता.
काठ मोजला कुठल्या महिन्यात?
पाळी सुटली की ह्यो काठ फुगतो, पाझरतो,
पावसाळ्यात निम्मा तर खेकड्यांचा असतो."
साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.
टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं,
पाट कोरडा होता तेव्हा,
तळात चपला आणि एक फुटकी घागर दिसत होती.
मी मान खाली घालून लिहीत राहिले.

सगळे चहाला उठल्यावर
भाना सुतार काठी टेकत आला.
त्याला नकाशा दाखवावा की नाही, मला कळेना.
"बाई, पाणी डाव्या कानात असलं की मी गिरणीला निघालोय.
उजव्या कानात असलं की घराकडं.
पाट बंद असला की कारभारीण हात धरून नेती,
त्या दिवसांत आमची भांडणं फार."
हसला.
"फरशी घाला की. पर पाण्याच्या अंगाला
हातभर मुरूम तसाच ठेवा.
पायाला कळाय पायजे, कुठं संपतंय."

ही हरकत होती की सूचना?
मी त्याचे शब्द त्याच्याच बोलीत लिहिले.
ते रकान्यात मावले नाहीत,
रेघ ओलांडून अभिप्रायात गेले,
जिथं साहेबांनी लिहायचं असतं.

संध्याकाळी बेरीज: बाजूनं एकोणीस, विरोधात अकरा.
"आणि हा?" साहेबांनी बोट ठेवलं.
"ह्याला कुठं धरायचं?"
मी म्हटलं, मार्गात.
त्यांना विनोद वाटला.

स्टँडकडं निघाले तेव्हा पाळी चालू होती.
चपला काढून हातात घेतल्या,
डोळे मिटले,
दहा पावलं म्हणून निघाले, सहाव्याला उघडले.
मुरूम टोचत होता.
पाणी उजव्या कानात होतं.
माझं घर मिरजेला,
उलट्या बाजूला.